मुंबईला हॉकीची नवी फ्रँचायझी नको

हॉकी इंडिया लीग २०२४ च्या डिसेंबरात परत सुरू झाली तेव्हा पुरुषांच्या आठ टीम होत्या आणि त्यात मुंबई नव्हती. दिल्ली होती, हैदराबाद होती, तामिळनाडू, बंगाल, ओडिशा, यूपी सगळे होते, अगदी वायझॅगचीसुद्धा एक होती. पंजाब-हरियाणाच्या सूरमा टीमचे मालक तर जेएसडब्ल्यू कंपनी, म्हणजे ऑफिस आपल्या बीकेसीत आणि टीम तिकडची. आमच्या कट्ट्यावर यावरून जो आरडाओरडा झाला तो विचारू नका. टोकियोला ब्राँझ, पॅरिसला ब्राँझ, लागोपाठ दोन ऑलिंपिकला मेडल, हॉकीला इतके चांगले दिवस आलेत आणि मुंबईची टीमच नाही म्हणजे काय, कुणीतरी मोठ्या माणसाने घ्यायला पाहिजे, सरकारने लक्ष घालायला पाहिजे वगैरे वगैरे. मी एकटाच म्हणत होतो की नाही घेतली ते बरं झालं. सगळ्यांनी मला वेड्यात काढलं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी हिशोब बघा. २००५ ला प्रीमियर हॉकी लीग आली, त्यात आपली मराठा वॉरियर्स होती, खुद्द धनराज पिल्ले त्यातून खेळायचा, पण पहिला सीझन अख्खा हैदराबादला झाला, म्हणजे आपली टीम आपण टीव्हीवर बघायची. २००८ नंतर ती लीग बंद. मग २०१२ ला वर्ल्ड सिरीज हॉकी, तेव्हा मुंबई मरीन्स. फायनल आपल्या चर्चगेटच्या महिंद्रा स्टेडियमवर झाली, त्यात पुणे स्ट्रायकर्स हरले आणि पुढच्या वर्षी ना मरीन्स राहिले ना स्ट्रायकर्स. मग २०१३ ला हॉकी इंडिया लीग आणि मुंबई मॅजिशियन्स, दोन सीझनमध्ये गायब, नावाला जागले म्हणायचं. मग दबंग मुंबई, ही मात्र बरी खेळली, २०१७ ला फायनलपर्यंत गेली, चंदिगडला कलिंगा लान्सर्सकडून हरली, आणि त्यानंतर लीगच जी झोपली ती थेट २०२४ ला उठली. बारा-तेरा वर्षांत चार नावं, चार जर्सी, चार लोगो. आज विरार फास्टमध्ये उभं राहून ही चार नावं विचारा, सांगणारा भेटला तर चहा माझ्याकडून. आता पाचवं नाव आणून काय वेगळं होणार आहे ते मला कुणीतरी समजावून सांगा.

आणि असं नाही की मुंबईला हॉकी बघायची सवयच नव्हती. आगा खान कप १८९६ पासूनचा आहे, या शहरात हॉकी लोक तेव्हापासून बघतायत. माझे बाबा वेस्टर्न रेल्वेत क्लार्क होते, चर्चगेटच्या हेडऑफिसला. समोर स्टेशन, पलीकडे स्टेडियम. मॅच असली की ऑफिस सुटल्यावर अर्धं डिपार्टमेंट गोरेगाव-बोरिवलीची गाडी सोडून आधी स्टेडियममध्ये, आणि त्यातल्या निम्म्या लोकांनी आयुष्यात हॉकीची स्टिक हातात धरलेली नव्हती. बाबांनीही नव्हती. पण समोर रेल्वेची टीम खेळत असायची, त्यातला लेफ्ट हाफ दुसऱ्या मजल्यावर बसायचा, त्याने बॉल सोडला तर सोमवारी कँटीनमध्ये त्याची सालटी काढायची सोय होती. समोर एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्रा, कस्टम्स, युनियन बँक. त्यांचीही माणसं यायची, तीही अशीच, डबा बगलेत मारून. मी शाळेत असताना शनिवारी अर्धा दिवस सुटलो की मला चर्चगेटला बोलावून घ्यायचे आणि मी रेल्वेवाल्यांच्या घोळक्यात बसून रेल्वेसाठी घसा फोडायचो. मला कुणी हॉकी आवडते का म्हणून विचारलं नव्हतं. आपली टीम होती, ओरडायचं होतं, हॉकी नंतर आवडली.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे. माणूस खेळ बघायला येत नाही, आपली माणसं खेळताना बघायला येतो. खेळाची गोडी नंतर लागते, तीही गॅलरीत बसूनच लागते. फ्रँचायझीवाले नेमकं उलटं करतात, आधी खेळाडू ऑक्शनमध्ये घेतात, एक जर्मनीचा एक ऑस्ट्रेलियाचा एक ओडिशाचा, मग त्यावर मुंबई लिहितात आणि मग आपण येऊन ओरडावं अशी अपेक्षा. क्रिकेटमध्ये चालतं कारण क्रिकेटचा प्रेक्षक आधीपासून तयार आहे, त्याला फक्त जर्सी वाटायची होती. हॉकीत प्रेक्षकच तयार करायचाय आणि तुम्ही सुरुवात करताय जर्सीपासून.

आता कुणी म्हणेल, अरे पण टीव्हीवर दिसली की लोकांना आवडेल ना. नाही आवडत. हॉकी टीव्हीवर मार खाते, हे मी छातीठोकपणे सांगतो. बॉल लहान, स्पीड भयानक, कॅमेरा बॉलच्या मागे धावतो आणि आपल्याला दिसतात फक्त वाकलेल्या पाठी आणि स्टिकांचा गुंता. कधी शिट्टी वाजली, कुणाचा फाऊल, कशाला दिला, घरी बसलेल्याला काही कळत नाही. गॅलरीत वरच्या पायरीवर बसा, मग बघा. बॉल इकडे डावीकडे अडकलाय आणि तिकडे पार उजव्या बाजूला एक राइट आऊट हळूच लाइनला चिकटून मोकळा झालाय, तो ओरडत नाही, नुसती स्टिक खाली टेकवून दाखवतो, सेंटर हाफ मान वर करतो आणि तुमच्या पोटात गोळा येतो कारण पुढे काय होणार ते तुम्हाला बॅकच्या आधी कळलंय. ही मजा कॅमेऱ्यात मावत नाही.

आणि शॉर्ट कॉर्नर. डी-त, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलात, बचाव करणाऱ्याने फाऊल केला की समोरच्याला मिळतो तो. आता सगळे पीसी, म्हणजे पेनल्टी कॉर्नर म्हणतात, आमच्या वेळचे लोक अजून शॉर्ट कॉर्नरच म्हणतात. तो लाइव्ह बघितला नसेल तर हॉकी बघितली असं म्हणू नका. गोलकीपर आणि चार जण गोलच्या आत, आता तर मास्क वगैरे लावून, एकमेकांना सांगतायत की मी पहिला धावतो तू पोस्ट धर, डी-च्या टोकावर स्टॉपर वाकलाय, त्याच्या मागे मारणारा हाताचा घाम पुसतोय, बॅकलाइनवरून पुश होतो आणि पुढचं सगळं पापणी लवायच्या आत संपतं. सरळ हिट मारली तर बॉल गोलच्या तळाला असलेल्या फळीच्या उंचीतच जायला हवा असा नियम आहे, फ्लिकला, म्हणजे बॉल स्टिकने ओढत उचलून फेकला तर, तो नाही, म्हणून आता सगळे ड्रॅग फ्लिकर झालेत, पण ती जुनी हिट फळीवर बसायची तेव्हा जो थाड्कन आवाज यायचा तो वरच्या पायरीपर्यंत ऐकू यायचा आणि गोल झालाय हे आधी कानाला कळायचं, मग डोळ्याला. आमच्या पुढच्या रांगेत बांद्र्याचे एक म्हातारे अंकल असायचे, फळी वाजली की ते उठून टोपी काढायचे, गोल कुणी का मारला असेना. आणि हुकला तर कोकणीत जे काय सुरू व्हायचं ते बाबा मला मुद्दाम समजावून सांगायचे नाहीत.

धनराजला महिंद्राकडून खेळताना बघितलंय. मूळचा खडकीचा, आपल्याशी मराठीत बोलणारा पोरगा, केस उडवत लाइनवरून सुटला की विरोधी टीमच्या ऑफिसवालेही उभे राहायचे, आम्ही रेल्वेवालेसुद्धा, शिव्या देत देत पण उभे. पुढे चार ऑलिंपिक, चार वर्ल्ड कप, ९८ च्या एशियन गेम्सचं गोल्ड कॅप्टन म्हणून, सगळं झालं. ते सगळं मी टीव्हीवर बघितलं आणि त्यातलं मला फारसं आठवत नाही, खरं सांगतो. आठवतं ते हे की आमच्या बाजूच्या साइडलाइनला तो थ्रो घ्यायला... थ्रो नाही, हिट-इन घ्यायला आला होता आणि अंपायरशी हुज्जत घालताना त्याचा श्वास ऐकू येत होता. इतक्या जवळ.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो नाहीतर लगेच कुणीतरी मराठी अस्मितेची फोडणी घालेल. मुंबईची हॉकी ही काही गिरगाव-दादरच्या मराठी माणसाने वाढवलेली नाही. आपण क्रिकेट, कबड्डी, खोखोवाले. हॉकी वाढवली गोवेकरांनी, बांद्र्याच्या कॅथलिक पोरांनी, सरदारांनी, अँग्लो-इंडियन लोकांनी, लष्कराने आणि रेल्वेने. बांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉस शाळेतून किती ऑलिंपियन आले बघा, विरेन रस्किन्हा त्यातलाच. १९४८ ला लंडनला स्वतंत्र भारताचं पहिलं गोल्ड आलं त्या टीमचा गोलकीपर लिओ पिंटो मुंबईचाच. लुसिटेनियन्ससारखे क्लब गोवेकरांचे. आपण मराठी लोक तिथे प्रेक्षक म्हणून होतो, आणि आपल्याला तिथे नेलं ते आपल्या नोकरीने. म्हणजे हॉकीची गॅलरी ही अशी जागा होती जिथे परळचा क्लार्क आणि बांद्र्याचा अंकल एकाच पायरीवर बसून एकाच अंपायरला शिव्या घालायचे. अशा जागा मुंबईत आता मोजक्या उरल्यात आणि मला हॉकी मेडलपेक्षा त्यासाठी जास्त हवीये, हे सरळ सांगून टाकतो.

मग ती गॅलरी रिकामी का झाली? सगळे एकच उत्तर देतात, क्रिकेट. ८३ चा वर्ल्ड कप जिंकला आणि हॉकी मेली. मला हे आळशी उत्तर वाटतं. क्रिकेट मुंबईत आधीपण होतंच की, ब्रेबॉर्न भरायचं, वानखेडे भरायचं आणि शेजारी हॉकीलाही लोक असायचे. खरी कारणं दोन. पहिलं टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत. १९७६ ला माँट्रियल ऑलिंपिक टर्फवर झालं आणि आपण सातवे आलो, तिथून सगळं फिरलं. ८२ चा वर्ल्ड कप आपल्या मुंबईत झाला, तो शेवटचा वर्ल्ड कप गवतावरचा. बाबा बघायला गेले होते, पाकिस्तानने फायनलला पश्चिम जर्मनीला ३-१ हरवलं, आपण पाचवे, आणि तरी बाबा मरेपर्यंत हसन सरदारचं नाव घ्यायचे, असा सेंटर फॉरवर्ड परत होणार नाही म्हणायचे. त्यानंतर मोठी हॉकी म्हणजे टर्फ. टर्फला कोट्यवधी रुपये लागतात, मॅचआधी पाणी मारावं लागतं, काही वर्षांनी ते बदलावं लागतं, आणि मुंबईसारख्या शहरात अशी मैदानं बोटावर मोजण्याइतकी. मातीवर खेळणारी शाळा मागे पडली. पोरगं खेळत नाही म्हणून बापही बघायला येत नाही, साधी गोष्ट आहे.

दुसरं कारण, आणि यावर कुणी बोलत नाही, म्हणजे नोकऱ्या. ऑफिसच्या टीम होत्या कारण ऑफिसात पर्मनंट नोकऱ्या होत्या आणि त्यात खेळाडूंसाठी जागा होत्या. पोरगं चांगला हाफ आहे, दहावी कशीबशी झालंय, पण रेल्वेत लागेल, बँकेत लागेल, या एका आशेवर झोपडपट्टीतलं पोरगंपण हॉकी खेळायचं. भरत्या आटल्या, काम कॉन्ट्रॅक्टवर गेलं, कॉन्ट्रॅक्टवाल्याची कसली आलीय टीम आणि कसला सोमवार कँटीनचा. जिथे टीम राहिल्या तिथेही त्या खेळाडूंना ऑफिसवाले ओळखत नाहीत, कारण ते कायम कॅम्पवर. तो दुसऱ्या मजल्यावरचा लेफ्ट हाफ नाहीसा झाला आणि त्याच्याबरोबर त्याचं अख्खं डिपार्टमेंट गॅलरीतून उठलं.

युवराज वाल्मिकी आठवतो? २०११ ला एशियन चॅम्पियन्स ट्रॉफीच्या फायनलला पाकिस्तानविरुद्ध पेनल्टीवर निर्णायक गोल मारला त्याने. हा पोरगा मरिन लाइन्सच्या झोपडीत राहायचा, घरात लाइट नव्हती. मरिन लाइन्स म्हणजे स्टेडियमपासून चालत. पेपरमध्ये तेव्हा सगळं लाइटबद्दल आलं, आणि यायलाच पाहिजे होतं. पण मला तेव्हा वाटलं होतं की अरे, या पोराला लहानपणी हॉकी दिसली कारण हॉकी त्याच्या रस्त्यात होती. हॉकी रस्त्यात असणं महत्त्वाचं. मुंबईइतकं हे सुख दुसऱ्या कुठल्या शहराला नसेल, की हॉकीचं स्टेडियम थेट शेवटच्या स्टेशनला लागून, जिथे रोज लाखो माणसं उतरतात आणि संध्याकाळी परत तिथूनच गाडी पकडतात.

ओडिशाचं उदाहरण सगळे देतात, मीही देतो पण वेगळ्या कारणाने. लोक म्हणतात ओडिशा सरकारने २०१८ पासून पैसा ओतला, दोन वर्ल्ड कप भरवले, राउरकेलाला वीस हजारांवर लोक बसतील असं बिरसा मुंडा स्टेडियम बांधलं, म्हणून तिकडे हॉकी आहे. उलटं आहे हो. सुंदरगडच्या गावागावांत आधीपासून हॉकी होती, भारताचा माजी कॅप्टन दिलीप तिर्की तिथूनच आला, तिकडे आणि झारखंडमध्ये गावच्या टुर्नामेंटला बक्षीस म्हणून बोकड ठेवतात आणि ती मॅच बघायला आजूबाजूची गावं लोटतात. बोकड आधी आला, स्टेडियम नंतर. लांब कशाला, आपल्याकडे कबड्डी बघा. प्रो कबड्डी २०१४ ला आली पण त्याच्या कितीतरी आधीपासून लालबाग-प्रभादेवीला गल्लीत मॅट नाही तर माती टाकून, बल्ब लावून रात्री मॅच व्हायच्या आणि उभं राहायला जागा नसायची, कारण या गल्लीचं मंडळ विरुद्ध त्या गल्लीचं. टीव्हीवाल्यांना तो आवाज आयता मिळाला.

तर माझी मागणी साधी आहे. पाचव्या फ्रँचायझीवर जो कुणी पैसे घालणार असेल त्याने ते मुंबईच्या लोकल लीगवर घालावेत आणि ती लीग संध्याकाळी, लाइटखाली, ठरलेल्या वारी खेळवावी. ठरलेला वार सगळ्यात महत्त्वाचा. आज मॅच आहे हे कळतं कसं? कळतच नाही, कुणीतरी ओळखीचा खेळत असेल तर तो सांगतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी पेपरात कोपऱ्यात दोन ओळी. दर गुरुवारी हॉकी असते हे एकदा डोक्यात बसलं की माणूस चौकशी करत नाही, सरळ येतो. चर्चगेट स्टेशनवर एक बोर्ड लावा, आज कोण विरुद्ध कोण. आणि कोण विरुद्ध कोण हे जरा डोकं लावून ठरवा. अहो, वेस्टर्न विरुद्ध सेंट्रल! या शहरात जन्मलेला प्रत्येक माणूस एक तर वेस्टर्नचा आहे नाहीतर सेंट्रलचा, हार्बरवाल्यांनी मला माफ करावं, आणि दोन्ही रेल्वेंकडे हॉकीच्या टीम आहेत. कुठली ॲड एजन्सी इतकी जुनी दुश्मनी विकत आणून देणार आहे? कल्याणचा माणूस सेंट्रल लेट असल्याचा सगळा राग गॅलरीत काढेल आणि तरी सेंट्रललाच सपोर्ट करेल. मध्ये अर्धा तास शाळांची मॅच ठेवा, बांद्रा विरुद्ध माटुंगा, म्हणजे आईबाप फुकट येतात.

विरोधात काय म्हणतात तेही मला माहितीये. लाइटचं बिल कोण भरणार. टर्फवर जास्त मॅच खेळवल्या तर टर्फ खराब होतं. लोक आले तर सिक्युरिटी लागते, पोलीस परवानगी लागते. यातलं लाइटचं म्हणणं खरं आहे, ते बिल तिकिटातून निघणार नाही हे मी मान्य करतो, ते एखाद्या कंपनीनेच भरायला पाहिजे, आणि एका परदेशी ड्रॅग फ्लिकरच्या बोलीपेक्षा ते नक्कीच कमी येईल. टर्फचं म्हणाल तर ते खेळण्यासाठीच टाकलेलं असतं. आणि सिक्युरिटी... कधी काळी इतकी गर्दी झालीच की पोलीस बोलवावे लागले तर पोलिसांचा चहा माझ्याकडून, हा दुसरा झाला.

एक गोष्ट मात्र कुणी बोलत नाही ती मी बोलतो. मागे मुलीला घेऊन एका मैदानावर मॅचला गेलो होतो, नाव घेत नाही, तिथे बायकांच्या टॉयलेटला कुलूप होतं आणि चावी कुणाकडे आहे ते शेवटपर्यंत कळलं नाही. मुलगी स्वतः कॉलेजात हॉकी खेळते, तिला मॅच आवडली, पण हाफटाइमला आम्ही स्टेशनच्या बाजूला हॉटेल शोधत फिरलो आणि परत गेलो नाही. अर्धं शहर असं बाहेर ठेवून तुम्ही म्हणणार लोक येत नाहीत. आधी ते कुलूप काढा, पिण्याचं पाणी ठेवा, चणे-शेंगवाल्याला आत येऊ द्या, तिकीट ठेवायचंच असेल तर वडापावपेक्षा महाग नको. आणि मॅचची वेळ साडेसहाची ठेवा, सहाची नको, फोर्टातलं ऑफिस सहाला सुटतं आणि बॅग भरायला, बॉसची नजर चुकवायला, चर्चगेटपर्यंत चालत यायला तेवढा वेळ लागतोच.